लोणा

ओसाकाच्या गोदीवरची टोळी
खारेगावात माझ्या टेबलावर उतरते रात्री दीडला.
काळे सूट, पाठभर गोंदलेले मासे.
मला ओळीला बेचाळीस अक्षरं,
पडद्यावर फार तर सहा सेकंद,
तेवढ्यात त्यांना मराठी बोलायला लावायचं.

शिव्या सोप्या जातात.
अडतो तो एकच शब्द: गिरी.
ऋण म्हणावं तर सावकार दारात येतो,
कर्तव्य म्हणावं तर नागरिकशास्त्राचं पुस्तक.
आपल्याकडे गिरी शेपटासारखी मागून चिकटते,
दादागिरी, भाईगिरी, उचलेगिरी;
तिकडे ती एकटी उभी राहते, मान खाली घालून.
शेवटी लिहिलं: खाल्ल्या मिठाला जागणं.
अर्ध्या ओळीत बसलं.

पंचविसाव्या मिनिटाला धाकटा गुंड
पांढरा रुमाल पसरतो, त्यावर करंगळी ठेवतो.
रक्त फारसं नाही. नुसता आवाज,
जून भेंडी चिरल्याचा.
पुरचुंडी म्होरक्यापुढे सरकते.
पन्नासाव्याला त्याला पोत्यात घालून समुद्रात सोडतात.
मग म्होरक्याच्या न्हाणीघरात नळातून करंगळी.
मग केस.
मग तो.
तिकडच्या भुतांना पाय नसतात,
आपल्याकडच्यांचे उलटे;
हा सरळ चालत येतो,
राहिलेली मजुरी मागायला आल्यासारखा.

बाबा मागे कधी येऊन उभे राहिले कळलं नाही.
त्यांना जपानी येत नाही,
मराठी मी अजून चढवली नव्हती.
"जरा मागं नं."
नेलं.
"आजून मागं. पोत्यापरत."

बाबा तांडेल होते रेतीच्या बोटीवर,
मुंब्र्यापासून काल्हेरपर्यंत.
डुबीचा धंदा: माणूस बादली घेऊन तळाला,
वरच्याच्या मुठीत दोरी,
हिसका आला की ओढायचं.
गस्तीची बोट दिसली की दिवे विझवायचे,
दोऱ्या सोडायच्या.
शेठ कडक, पण दिवाळीला सगळ्यांच्या घरी पेटी धाडायचा.

काथोड नावाचा एक डुब्या होता, जव्हारकडचा,
मला डब्यातून कालवं आणून द्यायचा.
तो गावी गेला,
एवढंच आम्हाला माहीत.
त्याच महिन्यात बाबांची करंगळी पंपाच्या पट्ट्यात गेली,
एवढंच आम्हाला माहीत.
डुबीच्या बोटीवर पंप नसतो,
हे मला आज सुचतंय,
एकोणतीस वर्षांनी,
एका ओसाकाच्या माणसाचं तोंड उघडं धरून ठेवलेलं असताना.

पुढच्या होळीला हा फ्लॅट. शेठनं अर्ध्या भावात दिला.
रेती आपल्याच बोटीची, नीट धुतलेली नाही.
हॉलच्या भिंतीला दरसाल लोणा लागतो,
रंगाचे पापुद्रे सुटतात,
खाली पांढरी भुकटी,
जमिनीपासून माणसाच्या खांद्याएवढी उंच.
बाबा रंगाऱ्याला हात लावू देत नाहीत,
स्वतःच खरवडतात, पाठ आमच्याकडे करून.

पडद्यावर तो पाण्यातून वर येतोय. हसतोय.
"यो हासतं कनाला?" बाबा चिडले.
"पान्यानशी येतं त्यो हासत नाय.
गिऱ्हा नुसती दोरी हालवतं."

मी विचारलं, कुणाची दोरी.
फ्रिज थरथरून थांबला.
बाबांनी चार बोटांचा पंजा भिंतीवर टेकला,
भुकटी चिमटीत घेतली, जिभेवर ठेवली,
भाजीत मीठ पडलंय का बघावं तशी.

मग माझ्या ओळीकडे बोट केलं,
खाल्ल्या मिठाला जागणं.
"कती वेल ऱ्हातं यो?"
सहा सेकंद, मी म्हटलं.
"हं," बाबा म्हणाले.
"तवराच वेल होता."