तिसरा मजला

रविवारी साडेसातला हॉर्निमन सर्कलच्या फाटकाशी
आज नऊजण. टोप्या, बाटल्या,
एकाच्या हातात कागदात गुंडाळलेला ब्रून मस्का.
मी पिवळी छत्री बंदच वर धरते.
गाईडनं हरवायचं नसतं, बाकी तंत्र काही नाही.

सांगते : अडतीसच्या डिसेंबरात
बॅलार्ड पिअरला उतरले डॉक्टर फेलिक्स लेविनझोन,
ब्रेस्लाउचे, दातांचे.
ट्रंकेत मावेना म्हणून लोकरीचा ओव्हरकोट अंगावरच,
खिशात दहा मार्क, पासपोर्टावर लाल अक्षर,
आणि दाढा उपटायच्या चिमट्यांची कातडी गुंडाळी.
त्यांना घरी आणलं माझ्या पणजोबांनी,
हायम चेऊलकरांनी. आम्ही शनवार तेली,
फुटक्या गलबतातून नवगावच्या वाळूत पडलेले,
बोटीतून उतरणारा माणूस आम्हाला कळतो.
दोघांना येणारी भाषा एकच, प्रार्थनेची.
तीत भाड्याचं बोलता येईना.
मग बोटांनी बोलले.

पुढच्याच सप्टेंबरात पोलीस आले : शत्रूदेशाचा नागरिक.
नगरच्या छावणीत नेलं,
ज्यांच्यापासून पळून आला
त्यांच्याच पंगतीला बसवला.

इथं लोक साधारण विचारतात, टॉयलेट कुठंय.

वीबके विचारत नाही.
ती हाम्बुर्गची, तिथं हेच काम करते,
पंचवीस वर्षं, पावसात, शाळेच्या पोरांना घेऊन.
तिची नजर सारखी पायाखाली.
तिच्याकडे फरशीत पितळ बसवतात, नावाचं, तारखेचं.
आमच्याकडे पेव्हर ब्लॉक. दर मार्चला नवे.

एरवी मी पलीकडच्या फुटपाथनं नेते.
आज तिकडं खोदून ठेवलंय,
म्हणून फाउंटनच्या पुस्तकवाल्यासमोरूनच जावं लागलं.
तो ताडपत्री सोडत होता :
स्पर्धा परीक्षा, शेअर बाजार, सात दिवसांत इंग्रजी,
आणि मधोमध तो, आखूड मिशीचा,
मराठीत, हिंदीत, जाड पुठ्ठ्यात.
'खपतो,' पुस्तकवाला म्हणाला. 'मॅनेजमेंटची पोरं नेतात. जिद्दीसाठी.'
मी त्याचं भाषांतर केलं नाही.
तिनं मागितलंही नाही.
ब्रून मस्कावाला म्हणाला, माझ्याकडे आहे हे,
आणि मग छत्रीकडे बघत राहिला.

गनबो स्ट्रीट. शेवटचा थांबा.
सुटून आल्यावर डॉक्टरांनी इथं पाटी लावली,
मी म्हणते, आणि छत्री उचलते :
ती, तिसऱ्या मजल्यावरची, निळ्या पडद्याची खिडकी.
नऊ माना वर होतात.

'पक्कं?' वीबके हळूच.

सहा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
पाटी भंगारात गेली, भाड्याची वही वाळवीनं खाल्ली.
पणजी म्हणायची, दुसरा मजला, नाहीतर तिसरा,
जिना चढताना दम लागायचा एवढं आठवतं.
पहिल्या रविवारी मी तिसरा म्हटलं
कारण तिथं पडदा बरा होता.

हे सगळं मी तिला सांगितलं, बाकीचे फोटो काढत असताना.
वाटलं, हसेल. किंवा वाईट वाटेल तिला, एकाच धंद्यातलं.
ती म्हणाली, आमच्याकडे पक्कं असतं.
मजला, खोली, किती वाजता नेलं, बरोबर किती चादरी.
ज्यांनी नेलं त्यांनीच लिहून ठेवलंय,
सुरेख अक्षरात.

मग ती गप्प झाली, आणि मीही.

वर निळा पडदा सरकला.
तोच पोरगा, बनियनवर, ब्रश तोंडात.
रविवारी नऊला आम्ही येतो हे त्याला पाठ आहे,
आम्ही का येतो ते नाही.
थुंकायला वाकला, आम्हाला पाहून थांबला,
गालात फेस धरून उभा राहिला
आम्ही हलायची वाट बघत.

मी छत्री खाली घेतली.
म्हटलं, दुसराही असेल.
नऊजणांनी दुसऱ्या मजल्याकडे पाहिलं.
तिथं एसीचा डबा होता, आणि वाळत घातलेली उशी.