आधी डेड म्हणायचं

झुग्दिदीच्या तंत्रशाळेत, मंगळवारी आणि शुक्रवारी सहाला,
मी नऊ वायरमनना इंग्रजी शिकवते.
विजेतलं मला ओ की ठो कळत नाही.
फ्यूज उडाला की शेजारच्या बोंदोला हाक मारायची,
एवढीच माझी विद्या,
आणि तो बोंदो आता पहिल्या बाकावर,
कानामागे पेन्सिल, खिशात टेस्टर,
माझ्या तोंडाकडे बघत बसलेला.

सबस्टेशनला नवी यंत्रं आली आहेत.
सोबतची पुस्तकं इंग्रजीत, चारशे पानांची.
वाचता आली तर नोकरी, नाही तर एप्रिलपर्यंत.

पहिल्या दिवशी करंट घेतला.
म्हटलं, वाहतं ते.
आपल्याकडे नदीचा वेगळा, तारेतला वेगळा;
इंग्रजांनी दोन्हीला एकच ठेवलाय.
फळ्यावर एन्गुरी काढली, वर धरण, खाली बाण.
जुम्बेर उठला. साठीला टेकलेला, खांद्यात वाकलेला.
"बाई, पाइप फुटला की पाणी सांडतं.
तार तुटली की हा सांडत नाही.
थांबून राहतो."
मी नदी पुसली.

रेझिस्टन्स मात्र एका दिवसात आला.
वर्गातली एकटी मुलगी तेओना, वीस वर्षांची,
खांबावर चढायला घरून बंदी असलेली,
ताडकन म्हणाली:
माय फादर हॅज हाय रेझिस्टन्स.
क्रियापद बरोबर, विशेषण बरोबर.
दहापैकी दहा दिले.

हिरव्या-पिवळ्या तारेला
एका पुस्तकात अर्थ म्हणतात, दुसऱ्यात ग्राउंड.
खरं कुठलं, गोचानं विचारलं.
दोन्ही, म्हटलं, शेवटी माती ती माती.
"काही म्हणा," जुम्बेर म्हणाला,
"अर्थ नीट लागला नाही तर माणूस मरतो."
मी खडू खाली ठेवला.
वीस वर्षं कविता शिकवल्या होत्या मी,
इतकं सरळ कुणाला सांगितलं नव्हतं.

मग तो धडा आला.
लाइव्ह म्हणजे जिवंत, डेड म्हणजे मेलेलं,
मी मुलांना शिकवतात तसं शिकवलं,
चिमणी, मासा, झाड.
पुस्तकात तांबड्या चौकटीत उलटंच होतं:
लाइव्ह असेल तर लांब राहा.
डेड असेल तर कामाला लागा.
वर्गात कुणी हसलं नाही.
जुम्बेरनं डावा हात बाकावर ठेवला,
दोन बोटं नसलेला,
आणि भावाचं सांगितलं. ओतिया.
चौऱ्याण्णवचा फेब्रुवारी, रात्रीचे तीन.
खांबावर होता. लाइन बंद आहे असं सांगितलं होतं.

त्या हिवाळ्यात लाइट कधीही यायची,
तासभर, दोन तास, बहुतेक रात्रीच.
गल्लीत कुणीतरी ओरडायचं, आली! आली!
आणि खिडक्या उघडायच्या.
आई पीठ मळायला बसायची,
मी इस्त्री लावायची, सोळा वर्षांची,
सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारी.
ती रात्र त्यांतलीच का,
हे मी जुम्बेरला विचारलं नाही.

आता तोंडी परीक्षेची तयारी चालू आहे.
दोघादोघांनी उभं राहायचं.
बोंदो विचारतो: इज इट डेड?
जुम्बेर सांगतो: यस. आय टेस्टेड इट.
संवाद इथं संपतो, पुस्तकात तरी.
जुम्बेर बसत नाही.
टेस्ट इट अगेन, म्हणतो.

मी समजावलं, डेडला कमी-जास्त नसतं,
अधिक मेलेलं असं इंग्रजीत होत नाही.
त्यानं मान हलवली, वहीत उतरवून घेतलं,
आणि शुक्रवारी पुन्हा तेच.
टेस्ट इट अगेन.

मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं.
नऊ जणांनी उतरवलं.
तेओनानं खाली दोन रेघा मारल्या.