अपूर्ण, नियमित

दर गुरुवारी सात वाजता
मच्छीमार संघाच्या माडीवर,
खाली बर्फाचं यंत्र घरघरत असताना,
मी भूतकाळ शिकवते.

मी शाळेतली बाई नव्हे.
एकतीस वर्षं जाळी शिवली,
तळहातावर अजून नायलॉनची रेघ आहे.
पण कोरुन्याहून येणाऱ्या बाई यायच्या थांबल्या
आणि माडीची किल्ली माझ्याकडे होती.

पुस्तकातली क्रियापदं सभ्य असतात, इस्त्रीची:
बोलणे, खाणे, राहणे.
मी फळ्यावर आमची लिहिते.
रेमार, वल्हवणे. सालार, खारवणे. कोसेर, जाळं सांधणे.

आर कापा, आबा लावा.
एर असो वा ईर, कापा, ईआ लावा.
मासा साफ करतो तसंच, फक्त उलट:
डोकं राहू द्या, शेपूट टाका.
आणि ई-वरची तिरकी रेघ विसरू नका,
ती गळाचं टोक आहे,
ती नसली तर काही लागत नाही.

सगळ्या भाषेत तीनच क्रियापदं
या काळाला जुमानत नाहीत:
जाणे, असणे, पाहणे.
त्यांना वळण लावायला मी जात नाही.

कधी वापरायचा हा काळ, ते विचारतात.
कडा दिसत नाहीत तेव्हा.
कारखाना कुठल्या तारखेला बंद पडला
ते दुसऱ्या काळात सांगायचं.
पण आम्ही डबे भरायचो,
भोंगा व्हायचा,
फेलिसिंदा रबरी बुटांतच नाचायची,
तेलाचा वास रविवारीसुद्धा केसांतून जायचा नाही,
ते सगळं यात.

झोरियानाला हा काळ आवडत नाही.
'माझी आई खेरसोनमध्ये विवीआ', तिनं लिहिलं,
मग खोडलं, कागद फाटेपर्यंत,
आणि फाटक्या जागेच्या वर: विवे.
राहते.
मी दोन्हींना बरोबरची खूण दिली.

उसेनूच्या वहीत सहाऐवजी पाचच ओळी.
मी आणि तो, एकाच ओळीत.
'रूप एकच आहे ना, सेन्योरा?'
खरंच एक आहे.
रेमाबा: मी वल्हवायचो.
रेमाबा: तो वल्हवायचा.
म्हणूनच कर्ता लिहायचा रे, मी म्हटलं,
नाहीतर कळणार कसं, कोण ते?
तो हसला.
'पाठमोरे असलो की
आईलाही कळायचं नाही.'
असान दहा मिनिटांनी थोरला.
कायारच्या वाळूवर दोघांची एकच होडी,
पिवळी, नाकावर डोळा रंगवलेली.
एवढं त्यानं सगळं आबा-आबा करत सांगितलं,
एकही चूक न करता,
आणि होडी पाण्यात लोटण्यापाशी थांबला.

परवा तास संपल्यावर तो रेंगाळला.
बसच्या तिकिटाची पाठ पुढे केली.
मी एर्मानो कायो अल मार.
माझा भाऊ समुद्रात पडला.
'बरोबर आहे?'

हा काळ मी शिकवलेलाच नव्हता.
मार्चमध्ये घ्यायचा होता,
आता मे संपत आला,
दर गुरुवारी काहीतरी निमित्त निघतं.

बरोबर आहे, म्हटलं.
'नियमित आहे?'
नाही. त्या काळात हे क्रियापद अनियमित.
'आणि आपल्या काळात?'
आपल्या काळात अगदी सरळ.
एर काप, ईआ लाव.

काईआ, तो म्हणाला.
पडत होता.
पुन्हा म्हणाला, हळू,
जणू त्या शब्दाखाली
अजून पाणी आलेलं नाही.

कर्ता लिही, असं मी म्हणायला हवं होतं.

त्यानं फळा पुसला, कोपऱ्यांसकट.
मी खडूचे तुकडे डब्यात भरले,
सार्डिनचा जुना डबा, झाकण वाकडं.
नऊ दहाची बस तोवर गेली होती.