आउट

चाकाचा आउट काढायला मला वीस मिनिटं लागतात.
सायकल उलटी करायची, सीट आणि हँडलवर,
चाक हळू फिरवायचं, एक डोळा बारीक करून बघायचं
रिम कुठे ब्रेकच्या रबराला घासते.
तिथली तार पाव फेरा आवळायची, समोरची सैल.
घाई केली की तार तुटते.

सावद्याच्या स्टँडामागे, या टपरीत,
सत्तावीस वर्षं मी लोकांच्या पडण्याचा हिशोब ठेवतो.
तोंडाने कुणी खरं सांगत नाही,
सायकल सांगते.
चिमटा मागे दबला, म्हणजे समोरून आदळला.
डावं पॅडल घासलं, म्हणजे वळणावर घसरला,
कापणीच्या दिवसांत ट्रकांतून पानं गळतात, चीक गळतो,
डांबराचा साबण होतो.
आणि सायकल अगदी धड,
हँडल तेवढं वाकडं, कुठे ओरखडा नाही,
तेव्हा मी आधी विचारतो,
माणूस कुठे आहे?

देवचंदची अशीच धड आली होती.
माझा धाकटा भाऊ.
ना ट्रक, ना एसटी. पिंपरूडजवळ कुत्रं आडवं आलं.
वेग तो काय, दूध घेऊन येणाऱ्याचा.
किटलीचं झाकणही निघालं नव्हतं.
डोकं तेवढं मैलाच्या दगडाला लागलं:
फैजपूर, तीन.

सायकल मी संध्याकाळपर्यंत सरळ केली.

आता तो टपरीच्या फळीवर बसतो,
अंघोळ केलेला, भांग पाडलेला,
येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतो,
"दूध नासलं तर नाही ना?"
दिवसातून चाळीस वेळा.
"नाही रे," आम्ही म्हणतो.
वहिनी रात्रीही म्हणते, झोपेत.

पुढच्या वर्षी भुसावळहून सहा हेल्मेटं आणली,
टायरांच्या शेजारी टांगली.
दोन उन्हाळे धूळ खात राहिली.
"पंचेचाळीसच्या वर पारा, अन् डोक्याचं भरीत करतो का, भो?"
सरोद्यांचा तुषार हात सोडून सायकल चालवत गेला,
"मले काय व्हतं!"
देवचंदही हेच म्हणाला असता,
त्याला कुणी विचारलं असतं तर.
मी विचारलं नव्हतं.
माझ्याकडे तेव्हा घंट्या होत्या, रंगीत गोंडे होते,
मडगार्डवर बदाम काढून द्यायचो, पाच रुपयांत.

पहिलं हेल्मेट घेतलं हेमांगी नेहेतेने, नववीतल्या.
आत्याने पैसे दिले.
दोन वेण्या वर बांधल्या की ते बसेना,
म्हणून ती वेण्या खाली सोडून शाळेत जायची
आणि बाईंचा ओरडा खायची.
मुली तिला कलिंगड म्हणायच्या.
ती म्हणायची, "म्हणा."

ऑगस्टात मागून भरलेला ट्रक गेला.
लागला नाही. नुसता वारा.
पुढचं चाक खडीत रुतलं आणि ती हँडलवरून गेली.
तिसऱ्या दिवशी आली, हात गळ्यात बांधलेला,
सायकल आत्याने ढकलत आणलेली.
काखेतून हेल्मेट काढलं.
कानापासून टाळूपर्यंत फट, आतला फोम पिठासारखा भुगा.
"काका, हे नीट होतं का?"

मी ते हातात फिरवलं,
सवयीने एक डोळा बारीक केला.
"नाही गं. याला चावी लागत नाही."
"मग नवीन? पुन्हा तेवढेच पैसे?"
तिचा सगळा राग किमतीवर होता.
पडण्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही.
हप्त्याने दिलं. आठवड्याला वीस.
त्यातले दोन हप्ते अजून बाकी आहेत.

फुटलेलं टाकून द्यायचं राहिलं, खिळ्याला लटकलं होतं.
काल देवचंदने ते उतरवलं,
मांडीवर घेतलं, फटीवरून बोट फिरवलं,
खालून वर, वरून खाली.
"कोणाचं?"
पाना माझ्या हातातच राहिला.
किती वर्षांनी दुसरा प्रश्न.
"एका पोरीचं."
"पडली?"
"पडली."
"मग?"
"मग उठली. शाळेत जाते."

तो बराच वेळ रस्त्याकडे बघत बसला.
केळीचे दोन ट्रक गेले, एक रिकामी बैलगाडी.
मग त्याने स्वतःच्या डोक्याला हात लावला,
जिथे केस येत नाहीत तिथे,
आणि मला विचारलं,
दूध नासलं तर नाही ना.