दूरवर हातोडे

ग्रीनॉकच्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेमागे
मी बसते. लॅपटॉपवर काळं फडकं,
आणि एकच कळ, जिच्यावर माझं बोट
दोन तास वीस मिनिटं टेकलेलं असतं.

रंगमंचाच्या डाव्या अंगाला फळी.
तीन ओळी मावतात,
चौथी आली की पहिली वर सरकते आणि जाते.

नटाच्या ओठांआधी अक्षरं उमटता कामा नयेत.
विनोदात तर मुळीच नाही.
गेल्या गुरुवारी मी अर्धा श्वास आधी कळ दाबली
आणि एक बाई भरल्या थिएटरात एकटीच हसली,
मग सगळे हसेपर्यंत
मांडीवरच्या पर्सकडे बघत राहिली.

आज मोरागनं दीड पान गाळलं.
नवराबायकोचं अख्खं भांडण गेलं,
एकदम पत्रच हातात.
मी अंधारात ओळी पळवत होते, फळी कोरी,
आणि चार डोकी मागे वळली, माझ्याकडे,
जणू बोलता बोलता मीच गप्प झाले होते.

दुसऱ्या अंकात खिडकी उघडते.
संहितेत आहे तसंच मी लिहिलं:
[दूरवर हातोडे]

खेळ संपल्यावर कॅलम टलक थांबले.
वय एक्याऐंशी. इथल्याच गोदीत चोवीस वर्षं
जहाजाच्या पोटात बसून पत्रे ठोकले,
चाळिशीच्या आत कान गेले.
आपला आवाज किती चढलाय हे न कळणाऱ्या माणसासारखे
अख्ख्या लॉबीला ऐकू जाईल असं म्हणाले,
"पोरी, दूरवर कुठले?"
आणि मुठीनं स्वतःच्या छातीवर ठोकून दाखवलं,
एक, दोन, एक, दोन,
मुलगी कोटाची बाही ओढेपर्यंत.

दिग्दर्शक म्हणतो, आवाज लांबूनच येतो,
ध्वनिमुद्रणच तसं आहे.
खरं आहे. मी लिहायचं ते, जे ऐकू येतं.
कुणाला, ते कुणी सांगितलेलं नाही.

रात्री घरी 'दूरवर' खोडलं. परत लिहिलं.
चहा गार झाला.

शनिवारी खिडकी उघडली तेव्हा
फळीवर एकच शब्द होता, हातोडे,
आणि मी कळेवरून बोट उचलून
मांडीवर ठेवलं.
आवाज थांबला.
तो शब्द तिथेच होता,
अजून जरा वेळ.