वारुळाची उंची

जांबोटीच्या पुढे, जिथून बस माघारी वळते,
तिथून पाऊण तास चालत.
पाटीवर देवीचं नाव कन्नडात एक,
शेण थापणाऱ्या बाईच्या तोंडी दुसरं,
आणि राईत शिरल्यावर कुणी नावच घेत नाही.
"चपला हितंच काढा," महाबळू गुरव म्हणाला.
देऊळ अजून दिसतही नव्हतं.

मूर्ती नाही. वारूळ आहे.
गुरवाच्या आज्याच्या खांद्याला लागायचं म्हणे.
आता कौलं काढून तिला वर वाट करून दिलीय,
तेवढंच चौकोनी आभाळ तिच्या डोक्यावर.

कमिटीनं एकदा स्लॅब घालायचं ठरवलं.
खानापूरचा इंजिनियर आला, टेप लावली, उंची लिहिली.
महिन्यानं पुन्हा येऊन मोजली.
वहीत दोन्ही आकडे आहेत.
तो गेला तो गेलाच.

सात बहिणी घाट चढून आल्या, गुरव सांगतो
सुपारी कातरत, जणू कालच्याच बसनं उतरल्या.
सहा जणींनी नद्या घेतल्या, डोंगर घेतले, जत्रा घेतल्या.
धाकटी वाटेत न्हालेली.
म्हणाली, केस वाळेस्तोवर बसते.
उघड्या पाठीला ऊन लागू नये म्हणून
वाळवीनं माती आणली,
एकेक कण, थुंकी लावून.
"केस अजून ओलेच हाइत.
हात लावून बगा, चैतातबी गार."
मी लावला नाही.

आईच्या ट्रंकेत तळाशी हिरवा खण निघाला,
घडीवर विटलेला,
टोकाला गाठ मारलेलं वीस पैशांचं पितळी नाणं.
चिठ्ठीत एवढंच: राईतलीचा. द्यायचा राहिला.
नवस कसला, ते नाही.
"देवीला ठाऊक असेल," मी म्हटलं, काहीतरी बोलायचं म्हणून.
गुरवानं सुपारी गालात सरकवली.
"तिलापण सगळं आठवत नाही की ओ.
किती जणांचं धरून बसंल?"

ओल्या मातीवर त्यानं दोन पाकळ्या चिकटवल्या.
उजवी पडली तर पोचलं.
डावी पडली तर अजून देणं आहे.
बसलो.
एक वाळवी डाव्या पाकळीच्या कडेशी आली,
थांबली, वळसा घालून गेली.
चारची बस. तीनलाच उठायला हवं होतं.

"जावा तुम्ही," तो म्हणाला, "पडली की कळवतो."
आणि माझा फोन नंबर
कोळशानं भिंतीवर लिहून घेतला,
आधीच्या कितीतरी नंबरांखाली.