कार्डावर नसलेलं

प्रफुल्लजी सूर्य बुडायच्या आत जेवतात
म्हणून आमचं अख्खं घर
दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी
साडेपाचलाच हॉटेलात हजर.
पोऱ्या अजून फरशी पुसत असतो,
पंखे बंद, जळगावचं ऊन काचेतून थेट टेबलावर,
आणि मालक उदबत्ती फिरवता फिरवता
आमच्याकडे बघून मान हलवतो: बसा.

अण्णांना शेवभाजी.
बाकीचं सगळं पेशंटचं जेवण, असं त्यांचं मत.
तर्री अशी हवी की वाटीत बघून भांग पाडता यावा.
पाळधीकडच्या ढाब्यावर शेव फार लवकर विरघळली.
चौफुलीजवळ मसाला काळा नव्हता, नुसता करपला होता.
असोद्याच्या रस्त्याला भरीत मागवलं
तर वांगं काड्यांवर नाही, गॅसवर भाजलंय
हे त्यांनी वासावरून ओळखलं
आणि आचाऱ्याला बाहेर बोलावून
त्याचं गाव विचारलं.

रत्नाताई लग्नाआधी ठेचा बोटाने चाटायच्या.
आता प्रफुल्लजींच्या शेजारी बसून
बिनकांद्याची, बिनलसणाची, बिनबटाट्याची
जी काही पिवळी भाजी येते ती खातात
आणि अण्णांच्या वाटीकडे बघत नाहीत.
बघतात. मी पाहिलंय.

चेतनभाऊजींना पनीर, तेही ग्रॅममध्ये.
ऋचाला मंचुरियन, मग गाव भुसावळ असो की सावदा.
मला नान,
कारण ती मी लाटलेली नसते.

आणि हे.
हे कार्ड उघडतच नाहीत.
"तुम्ही सांगा. आपलं काय, होऊन जाईल त्यात."
होऊन जातंच.
ऋचाचे चार मंचुरियन, माझी पाव नान,
अण्णांनी नापास केलेली अख्खी वाटी,
पनीर संपल्यावर उरलेली पनीरची ग्रेव्ही,
सगळं यांच्या ताटात येऊन थांबतं,
जसं गावभरचं पाणी नाल्याला.
मग हे बिल देतात,
बडीशेप तळहातावर घेऊन सगळ्यांपुढे धरतात.

परवा एरंडोलच्या अलीकडे नवीन हॉटेल निघालं, तिथे गेलो.
वाढणारा पोरगाही नवा, शिरपूरकडचा, वाल्मीक नावाचा.
त्याला आमची रीत ठाऊक नव्हती.
तो सरळ यांच्यासमोर उभा राहिला,
"भाऊ, तुमले काय आनू?"

टेबल गप्प झालं.
मी तोंड उघडलं, सवयीने, यांच्या वतीने सांगायला,
आणि काही आलंच नाही.
बावीस वर्षं वाढतेय या माणसाला.
मीठ कमी लागतं, हे माहीत आहे.
चहा बशीत लागतो, हे माहीत आहे.
पण आवडतं काय?
अण्णांकडे बघितलं, ते शेव मोजत असल्यासारखे.
त्यांनाही माहीत नव्हतं.

यांनी कार्ड उघडलं. मिटलं.
पाण्याचा ग्लास इकडचा तिकडे केला.
"वरण," म्हणाले. "साधं. तुरीचं. वर थोडा भात."
आणि कान लाल झाले,
जणू काही भलतंच मागितलं.

"कार्डवर नही ते," वाल्मीक म्हणाला.
मग जरा वाकून,
"आमनं खावानं से मांगे. चाली का?"

स्टीलच्या खोल ताटलीत आलं.
कडेला ठेचलेली मिरची, कामगारांसाठीची, न मागितलेली.
यांनी बाह्या दुमडल्या.
प्रफुल्लजींनी चौकशी केली, यात लसूण आहे का?
"नाही," हे म्हणाले,
आणि ताटली आणखी जवळ ओढली.

कोणी कोणाशी बोललं नाही.
रत्नाताईंनी ती मिरची हळूच उचलली
आणि प्रफुल्लजी खिडकीबाहेर ऊन किती उरलंय ते बघू लागले,
बराच वेळ.

वाल्मीक ताटं उचलायला आला तेव्हा
मंचुरियन उरलं होतं, नान उरली होती,
अण्णांची वाटी तशीच, तर्रीवर साय धरलेली.
"पार्सल करू?"
आम्ही सगळे यांच्याकडे बघत राहिलो.
हे बोटं चाटत होते,
एकेक करून, अंगठा शेवटी.